काचेवरचा पांढरा थर

आधी नलूबाईला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. काजल म्हणाली, मावशी, डोळा जरा वर धर, सूक्ष्मदर्शकाच्या नळीला चिकटवू नको. डोळा वर धरला तर सगळं पांढरंफटक झालं. शेवटी काजलनं तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, लेकराचा भांग पाडताना धरतात तसं, आणि बाजूनं निळ्या उजेडाची बारकी टॉर्च लावली. तेव्हा कुठं नलूबाईला दिसलं. काळ्या अंधारात नारिंगी ठिणग्या पडल्या होत्या. काही टोकदार, काही चपट्या, आणि मधोमध एक लांबलचक, वेटोळं घातलेला धागा.

“हे काय वं?” तिनं विचारलं.

“प्लास्टिक. तुह्या टाक्यातलं. थेंबात रंग टाकला म्हून चमकते.”

नलूबाईनं डोळा काढून काचपट्टीवरच्या थेंबाकडं नुसतंच पाहिलं. थेंब नितळ होता. पुन्हा नळीला डोळा लावला, तर ठिणग्या जागच्या जागी. असं तिनं इतक्यांदा केलं की ओसरीवरून रूपराव म्हणाले, आता त्या नळीतच जाऊन बसतं का काय. नलूबाईनं नवऱ्याकडं लक्ष दिलं नाही. तिचं सगळं ध्यान त्या धाग्यात अडकलं होतं.

काजल ही तिच्या धाकट्या बहिणीची पोरगी. वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात संशोधन करत होती. पाण्यातलं डोळ्याला न दिसणारं प्लास्टिक मोडून काढायचं, हा तिचा विषय. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा नलूबाई म्हणाली होती की जे दिसतच नाही ते मोडायचं कशाला. आता दिसल्यावर मात्र तिनं आधी मागच्या टाक्याकडं पाहिलं, कारण ते टाकं साधं टाकं नव्हतं. नाचणगावच्या कडेला घर, घरामागं विहीर, विहिरीला लागून टाकं आणि त्याच्या पलीकडं रूपरावांचा भाजीपाल्याचा मळा. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे काही पुलगावच्या बाजारात जायचं ते आधी नलूबाईच्या हाताखालून त्या टाक्यात बुचकळून निघायचं. मुळांना मातीचा कण दिसला तर जुडी परत पाण्यात. बाजारात बायका तिच्या पालातली मेथी उचलून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, ही धुवायचं काम नाही, सरळ कढईत.

स्वच्छतेच्या बाबतीत ही बाई म्हणजे कहर होती. दुसऱ्यानं घासलेलं भांडं ती पुन्हा घासल्याशिवाय मांडणीवर ठेवत नसे. रूपरावांच्या पेल्यात चहाचा शेवटचा घोट असतानाच पेला हातातून जाई, आणि बिचारे रिकाम्या हातानं बसून राहत. त्यातून त्यांच्या विहिरीचं पाणी क्षाराचं. ज्याला लागेल त्याच्यावर पांढरा थर चढवणारं. तांब्या, बादली, नळाची तोटी, न्हाणीतली फरशी, सगळ्यावर चढायचा. लग्न होऊन या घरात आल्या दिवसापासून नलूबाईचं त्या थराशी भांडण लागलेलं होतं. चिंच भिजवायची, राख घ्यायची आणि मनगट दुखेपर्यंत घासायचं. आसपासच्या सासवा सुनांना तिच्या घरचा तांब्या दाखवायला घेऊन येत. याचा तिला मनातून फार अभिमान होता, आणि का नसावा?

म्हणून तिनं काजलला सरळच विचारलं, “म्हंजे मी भाजी धुत नाई, प्लास्टिक लावून राह्यली तिले?”

काजलनं तिची समजूत घातली. म्हणाली की हे सगळ्यांच्याच पाण्यात आहे, विकतच्या बाटलीतसुद्धा. शरीरात जाऊन ते नेमकं काय करतं याचा अजून शोध चालू आहे, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नको. पण नलूबाईला दुसऱ्यांच्या पाण्याशी काय करायचं होतं? तिनं विचारलं, येतं कुठून हे. मग काजल एकेक दाखवत गेली. वांग्याच्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा काळा कागद उन्हानं तडकून त्याच्या पापड्या उडतात, त्या एक. खताची पोती, ठिबकच्या नळ्या, भांडी घासायची जाळीची घासणी. आणि तो लांब धागा? तो कापडाचा असणार, काजल म्हणाली. नायलॉनच्या साड्या धुतल्या की त्यांतून असे धागे सुटतात. टाक्याजवळच्या दगडावर कोणाच्या साड्या धुतल्या जातात हे सांगायची गरज नव्हती. नलूबाईनं आपल्या पदराकडं पाहिलं आणि तो हळूच कमरेला खोचला.

त्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं. जी वस्तू हाताला लागेल ती उचलायची आणि काजलला विचारायचं, हे प्लास्टिक का? गाळणी? दाराची दोरी? ब्रश? देवापुढची फुलं? रूपराव म्हणाले, आता मलेही एकदा उलटसुलट करून पाहून घे. संध्याकाळपर्यंत जाळीच्या घासण्या घराबाहेर गेल्या, त्यांच्या जागी नारळाचा काथ्या आला आणि साड्या धुवायचा दगड विहिरीपासून दूर, चिंचेखाली सरकला. रूपरावांना सरकवावा लागला, हे सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात काजल दोन मोठे काचेचे टब घेऊन आली. चैत्राचं ऊन तापत होतं. डांबर वितळवणारं हे ऊन, ज्याला आपल्याकडं जो तो शिव्या घालतो, तेच काजलला हवं होतं. अंगणात जिथं दिवसभर सावली फिरकत नाही अशी जागा तिनं शोधली आणि दोन्ही टब टाक्याच्या पाण्यानं भरले. एकात नुसतं पाणी, तुलना करायला. दुसऱ्यात तिनं काचेच्या पट्ट्या तिरप्या उभ्या केल्या. पट्ट्यांवर दुधाचा हात फिरवल्यासारखा पातळ पांढरा थर होता. जस्ताची पावडर, ती म्हणाली. घामोळ्यांच्या औषधात असते तीच, पण खूप बारीक करून बसवलेली.

नलूबाई उकिडवी बसून पाहत होती. तिला प्रश्न पडायला लागले की ते थांबत नसत. ही पावडर प्लास्टिक खाते का? काजल म्हणाली, खात नाही. ऊन पडलं की ही पावडर पाण्यालाच कामाला लावते, आणि ते पाणी प्लास्टिकच्या कडा कुरतडत जातं. मग पावडर संपते कधी? संपत नाही, तिला खर्ची पडावं लागत नाही, ती फक्त काम करवून घेते.

“म्हंजे मुकादम म्हण ना,” नलूबाई म्हणाली. “सोता काडी उचलाची नाई अन् दिवसभर उन्हात बायकाइले राबवाचं.”

काजलला हसू आवरेना. तेव्हापासून त्या पट्ट्यांना घरात मुकादमच म्हणू लागले.

काजलनं नलूबाईला कामं सांगितली. उन्हानं पाणी आटेल तेवढं टाक्यातून भरायचं. गुरांना जवळ येऊ द्यायचं नाही. आणि पट्ट्यांवर धूळबीळ बसू द्यायची नाही, कारण ऊन थेट लागलं पाहिजे. काजल दर आठवड्याला येई, काचेच्या बाटलीत पाणी भरून घेऊन जाई आणि एक थेंब नळीखाली धरून मावशीला दाखवी. पहिल्या आठवड्यात नलूबाईला काही फरक दिसला नाही. दुसऱ्या खेपेला मात्र तिला वाटलं की ठिणग्या विरळ झाल्या. आणि एक धागा दिसला, त्याच्या अंगावर भेगा होत्या, वाळवी लागलेल्या काडीसारख्या.

“अन् कुरतडलेलं जाते कुठी?” तिनं विचारलं.

काजल म्हणाली, तुकडे होत होत शेवटी त्याचं पाणी होतं आणि हवा होते, आपण श्वास सोडतो तीच हवा. सगळ्याचं होत नाही, आणि लवकर तर होतच नाही. पण होतं. हे ऐकून नलूबाईला काय वाटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिला आनंद झाला एवढं खरं. आयुष्यभर तिनं जी घाण काढली ती इथून उचलून तिथं टाकली होती. भांड्याची मोरीत, मोरीची नालीत, नालीची नदीत. घाण नाहीशीच होते असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. भर दुपारी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ती टबाशी बसायची आणि पाण्यात टक लावून पाहायची. बुडबुडा तरी दिसेल, रंग तरी बदलेल. काहीच दिसायचं नाही. तरी तिला उठवत नसे. रूपराव म्हणायचे, ऊन लागून पडशील तर तुझी हवा होईल.

मग काजलला दोन आठवडे नागपूरला जावं लागलं, कुठल्याशा यंत्रावर काम शिकायला. जाताना सांगून गेली की मी आल्यावर धनंजय सर स्वतः इथं येणार आहेत, प्रयोग पाहायला. धनंजय सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून असं होतं की हे काम प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात होईल, पण आपल्याकडच्या क्षाराच्या विहिरीत ही पावडर टिकायची नाही. काजलनं हट्टानं विहीर निवडली होती. गावातली माणसं जे पाणी वापरतात त्यातच जमलं नाही तर मग जमवून उपयोग काय, असं तिचं म्हणणं. सरांना आकडे पटले तर पुढची वर्षं याच विषयावर काम करायला मिळणार होतं. नाही पटले तर विषय बदलायचा. हे सगळं तिनं मावशीला सांगितलं होतं, आणि म्हणून तर मावशी टबाला डोळ्यांत तेल घालून जपत होती.

पाणी आटत होतं, नवं भरलं जात होतं आणि विहिरीनं आपला गुण दाखवायला सुरुवात केली होती. पट्ट्यांवर पांढरं चढत होतं. पाण्याच्या रेषेशी तर चांगलं खरखरीत लागत होतं बोटाला. नलूबाईनं आधी तांब्यानं पाणी मारून पाहिलं. ढिम्म हललं नाही. हा थर तिच्या चांगला ओळखीचा होता, इतक्या वर्षांचा वैरी. काजलनं सांगितलं होतं, पट्टीवर काही बसू देऊ नको, ऊन थेट लागलं पाहिजे. आणि सर येणार होते.

तिनं चिंच भिजत घातली.

काळजी मात्र घेतली हो तिनं. टबात चिंचेचा थेंब पडू नये म्हणून एकेक पट्टी काढून न्हाणीत नेली. कोणती पट्टी कोणत्या खाचेत होती ते ध्यानात ठेवलं. जाळीची घासणी तर घरात नव्हतीच, नवा काथ्या घेतला, म्हणजे प्लास्टिकचा कण लागायला नको. चिंचेचा कोळ लावून थोडा वेळ ठेवला आणि मग हलक्या हातानं, गोल गोल, दोन्ही बाजूंनी घासलं. थर असा उतरला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पट्टी उन्हाला धरली तर पलीकडच्या आपल्या बांगड्या मोजून घ्याव्यात इतकी काच लख्ख. तिनं विहिरीच्या पाण्यानं पट्ट्या खळखळून धुतल्या, पुसल्या आणि होत्या तशा खाचांत बसवल्या. रूपराव मळ्यात होते. कोणी पाहिलं नाही, आणि लपवण्यासारखं काही होतं असं तिला वाटलंही नाही.

काजल परत येईपर्यंत विहिरीनं त्या काचांना पुन्हा पांढरं नेसवलं होतं. पातळ, दुधट, होतं तसंच. काजलनं पाहिलं, बरं आहे म्हणाली आणि बाटली भरून घेऊन गेली.

पुढच्या खेपेला आली ती तोंड उतरवून. पाण्यातल्या कणांचा आकडा खाली आला नव्हता. त्यानंतरच्या खेपेलाही नाही. दोन्ही टबांतलं पाणी सारखंच झालं होतं, पट्ट्यांचंही आणि बिनपट्ट्यांचंही. नळीखाली नलूबाईला ठिणग्या दिसल्या, धडधाकट. तिनं विचारलं, मुकादम रुसला का? काजल हसली नाही. त्या दिवशी ती वांग्याची भाजी ताटात तशीच ठेवून उठली, आणि तिला ती भाजी जिवापाड आवडायची.

सर आले ते दुपारी. उंच, सावळे, हळू बोलणारे. नलूबाईनं सकाळीच सडा घातला होता, टबाभोवतीचं अंगण सारवलं होतं. सर टबाशी वाकले, एक पट्टी बाहेर काढली, अंगठ्यानं चोळली. नखानं खरवडली. मग काजलशी बोलू लागले. बोलणं निम्मं इंग्रजीत होतं, पण तोंडं काही इंग्रजीत नसतात. नलूबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि काजलचे खांदे खाली जाताना पाहत होती.

शेवटी सर मराठीत म्हणाले, “हा सगळा क्षार आहे, काजल. तुझा थर उरलेलाच नाही. इथल्या पाण्यात तो टिकत नाही, हेच यातून सिद्ध होतं. तसं लिहू आणि इथलं काम थांबवू. शुद्ध पाण्यावरचं काम चांगलं आहे, तेवढंच पुढं ने.”

काजल म्हणाली की शुद्ध पाणी कोणाच्या घरी आहे, सर. पण ते ती जमिनीकडं पाहत म्हणाली.

“कोणता थर?” नलूबाईनं विचारलं.

“तो पांढरा वं, मावशी. मुकादम. तो सुटून गेला.”

नलूबाईनं सरांच्या हातातल्या पट्टीकडं पाहिलं. तिनं ट्रे खाली ठेवला. पांढऱ्याखाली पांढरं होतं तर. जन्मभर जे पांढरं दिसलं ते काढायचं, एवढंच तिच्या हाताला ठाऊक. दुसरं पांढरं ठेवायचं असतं हे तिला सांगितलं होतं, तिनं ऐकलं होतं, तो मुकादमाचा विनोदही तिनंच केला होता. पण हात कुठं ऐकत होता? चिंच दिसली की हात आपला चालला.

आणि मग तिच्या मनात आलं की कोणी पाहिलेलं नाही. सर पाण्याला दोष देत आहेत, देऊ दे. पाणी काही तोंड उघडणार नाही. आपण बोललो तर काय? अडाणी मावशीनं पोरीचं काम धुऊन टाकलं, हा बोभाटा कॉलेजात होईल, बहिणीच्या घरी होईल, पुलगावच्या बाजारातही होईल. ज्या हातांचं नाव होतं त्याच हातांनी. काजल उद्या दुसरा विषय घेईल, शिकलेली पोरगी आहे, तिचं काय अडतं? हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिनं काजलकडं पाहिलं. पोरगी कोरड्या डोळ्यांनी खाचांतून एकेक पट्टी काढत होती, सामान आवरायला.

“पाण्याचा कसूर नाई, सर,” नलूबाई म्हणाली. “म्या घासल्या त्या.”

सरांना आधी कळलंच नाही. त्यांनी विचारलं, कशानं. ती म्हणाली, चिंचेनं, काथ्या घेऊन. मग त्यांनी पट्टी पुन्हा उन्हाकडं धरली आणि काजलला सांगितलं की आंबटात जस्ताची पावडर विरघळते, एक कणसुद्धा राहिला नसेल. त्यांनी नलूबाईला बाकीचं विचारलं. कधी घासल्या, एकदाच की पुन्हा पुन्हा, घासण्याआधी थर कुठं सुटलेला दिसला होता का. तिनं जसं होतं तसं सांगितलं. घासण्याआधी सुटलेलं तिला काही दिसलं नव्हतं, पण तिचं ध्यान क्षाराकडं होतं, तेव्हा छातीवर हात ठेवून ती सांगू शकत नव्हती.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं नलूबाईला वाटलं. ते म्हणाले, “सांगितलंत हे चांगलं केलंत. पण मग या पाण्याबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही, टिकतं म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. हे आकडे सगळे टाकून द्यावे लागतील.” काजलकडं वळून ते म्हणाले की ढग यायला अजून थोडे दिवस आहेत, तेवढ्यात पुन्हा करायचं असेल तर कर. मात्र त्यांचं मत विचाराल तर कॉलेजच्या गच्चीवर कर.

ते गेले. काजल विहिरीच्या पलीकडं जाऊन बराच वेळ बसली. नलूबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती, तिच्याजवळ जावं की जाऊ नये हे तिला उमगेना. काजल परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. चप्पल घालताना ती एवढंच म्हणाली की काचा धुवू नको हे मी सांगायला पाहिजे होतं. तिचा आवाज कोरडा होता. मावशीच्या पाया न पडता ती पहिल्यांदाच त्या घरातून गेली.

नलूबाईला वाटलं, आता ती टब न्यायलाच येईल. पण आठवड्यानं काजल आली ती नव्या पट्ट्या घेऊन. त्याच जागी, त्याच उन्हात, त्याच टाक्याच्या पाण्यात तिनं त्या उभ्या केल्या. मावशीनं घाबरत विचारलं की गच्चीवर काऊन नाई नेल्या.

“गच्चीवर नळाचं पाणी आहे. मले हेच पाणी पाहिजे,” काजल म्हणाली. “मावशी, आता नीट आयक. पाणी आटलं तर भरजो. बाकी हात नाई लावाचा. धूळ बसो, शेवाळ येवो, क्षार चढो, काही होवो. धुवाचं नाई, पुसाचं नाई, तांब्यानं पाणीसुद्धा माराचं नाई. आपल्या घरच्या पाण्यात तो किती दिवस काम करते तेच मले पाहाचं आहे. होईन का तुह्याच्यानं?”

नलूबाई होईन म्हणाली. सोपं वाटलं होतं तिला.

दिवस गेले तसं पट्ट्यांचं रूप बिघडत गेलं. आधी क्षार आला, मग त्याच्यावर धूळ बसली, मग कोपऱ्यांत हिरवट बुळबुळीत काही धरलं. एक दिवस पाखरू घाण करून गेलं. टबाच्या काचेवर पाण्याच्या वाळलेल्या रेषा एकाखाली एक उमटल्या. सारवलेल्या अंगणात ते असलं ध्यान, आणि त्याच्याशेजारून तिनं दिवसातून कितीदा जायचं. हात शिवशिवायचे. ती पदरात हात गुंडाळून टबाशी बसायची आणि नुसती पाहायची. पाहता पाहता तिला त्यातही काहीबाही दिसायला लागलं. क्षार सगळीकडं सारखा चढत नाही, पाण्याच्या वरच्या बाजूला जास्त. ऊन ज्या बाजूनं येतं तिथं शेवाळ कमी. याचा कामाशी काही संबंध असेल का, काजलला विचारायचं म्हणून ती मनात ठेवायची. खालचा तो दुसरा थर, तिला न दिसणारा, आहे का गेला, तो राबतो आहे का, हे विचारायला मात्र तिचं मन धजेना. आकडे यायचे होते.

अशात एका सकाळी वडनेरहून विहीणबाई आल्या. लीलाबाई. शुभमची, म्हणजे नलूबाईच्या मुलाची सासू. शुभम आणि सून बुटीबोरीला राहत, तो तिथं कंपनीत होता. सुनेला दिवस गेले होते, आणि बाळंतपण कुठं करायचं ते बोलायला लीलाबाई येणार होत्या, पण त्या रविवारी येणार होत्या. जवळच कोणाकडं आल्या होत्या म्हणून आजच वाकडी वाट करून आल्या. हे स्थळ पाहायला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मुलाला पाहण्याआधी न्हाणी पाहिली होती, आणि घरी जाऊन सांगितलं होतं की या घरात पोरगी द्यायला हरकत नाही. ही गोष्ट नलूबाईला चारचौघांत सांगायला फार आवडे.

अंगणात खुर्ची टाकली होती. लीलाबाई बसल्या, घाम पुसला, इकडची तिकडची विचारपूस झाली. मग त्यांची नजर टबावर गेली आणि तिथंच राहिली. बाई वाईट नव्हती. तिनं नाक मुरडलं नाही. नलूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा लीलाबाई टबापाशी वाकल्या होत्या, साडी वर खोचलेली, हात पट्टीकडं गेलेला.

“होत नसन आता तुमच्याच्यानं, विहीणबाई,” त्या मायेनं म्हणाल्या. “वय झालं का असंच होते. मी टाकतो ना बसल्या बसल्या घासून.”

नलूबाईनं तांब्या खाली ठेवला आणि त्यांचं मनगट धरलं. सांगायचं म्हटलं तर किती होतं. ठिणग्या, ऊन, जस्त, काजल, चिंच. पण सांगत बसलो तर सबब सांगितल्यासारखं होईल, हे तिला त्या मनगटाला हात लावल्या लावल्याच कळलं. आणि एवढं सगळं कानावर पडेपर्यंत विहीणबाईंचा दुसरा हात काचेवरून फिरला असता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आमच्या घरी ते असंच राह्यते.”

लीलाबाईंनी हात मागं घेतला. बरं बरं म्हणाल्या, पदराला बोटं पुसली आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. सुनेच्या तब्येतीचं बोलणं निघालं. बाळंतपण वडनेरलाच करू, असं त्या म्हणाल्या, तिथं सगळं नीटनेटकं आहे, पोरीची काळजी नको. नलूबाई हो म्हणाली आणि आत जाऊन तिनं आधण ठेवलं.

चहा आला. लीलाबाईंनी कप तोंडाला लावण्याआधी जरासा उजेडाकडं कलता केला आणि आत पाहून घेतलं. नलूबाईला ते दिसलं. तिनं विचारलं, साखर बरोबर झाली का.